जुना सांगाडा, नवें इंजिन

यंत्रांचा इतिहास लिहिणारांची एक जुनी खोड आहे. ते शोधांच्या तारखा देतात, शोधकांचीं चरित्रें सांगतात, आणि एका नमुन्यामागून दुसरा नमुना कारखान्याच्या दारांतून कसा बाहेर पडला याची वंशावळ मांडतात. ही वंशावळ वाचतांना असा भास होतो कीं, नवी गाडी आली त्याच दिवशीं जुनी गाडी रस्त्यावरून नाहींशी झाली. वस्तुतः तसें कधींच घडत नाहीं. नवी गाडी श्रीमंताच्या दारांत उभी राहते तेव्हां जुनी गाडी तिसऱ्या किंवा चौथ्या धन्याच्या हातीं गेलेली असते. तिच्यावर गवताचे भारे आणि धान्याचीं पोतीं लादलीं जात असतात. आणि तिचें मूळ इंजिन थकलें असल्यास एखादा मिस्त्री तें उतरवून त्या जागीं दुसरें, कदाचित् दुसऱ्याच कारखान्याचें, इंजिन चढवीत असतो. या मिस्त्र्याचें नांव कोणत्याही वंशावळींत येत नाहीं. तथापि मोटारींच्या इतिहासांतील कांहीं महत्त्वाचीं वळणें अशाच हातांनीं घेतलीं गेलीं, असें आमचें मत आहे. जुन्या मालवाहू गाडींत परकें इंजिन बसविण्याचा हा उद्योग मुख्यत्वेंकरून अमेरिकेंत वाढला. म्हणून तेथील उदाहरणें घेऊन त्याचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम गाडीची ओळख करून घेऊं. अमेरिकेंत जिला पिकप म्हणतात ती म्हणजे पुढें दोन-तीन माणसांपुरती केबिन आणि मागें उघडा हौदा असलेली लहान मालमोटार होय. हेन्री फोर्डच्या कंपनीनें १९२५ सालीं आपल्या सुप्रसिद्ध ‘टी’ नमुन्याच्या गाडीवर कारखान्यांतच हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. त्यापूर्वी अनेक शेतकरी व दुकानदार मोटारीची मागली बाजू कापून तेथें स्वतःच फळ्या ठोकून घेत असत. म्हणजे पिकपचा जन्मच मुळीं फेरफारांतून झालेला आहे, आणि हा जन्मजात गुण तिनें पुढेंही सोडला नाहीं.

तिची घडणही या गुणास अनुकूल होती. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांस जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या एवढाच तिचा सांगाडा. त्यावर इंजिन, गिअरबॉक्स, केबिन व हौदा हीं सर्व बोल्टांनीं आवळलेलीं असत. ज्या मोटारींत शरीर व सांगाडा एकजीव केलेले असतात तेथें मोडतोड करणें कठीण; येथें मात्र प्रत्येक अवयव वेगळा काढतां येतो. शिवाय या अवयवांचें आयुष्य सारखें नसतें. इंजिनांत अग्नि व घर्षण यांचें अखंड राज्य असल्यामुळें तें आधीं झिजतें. सांगाड्यास गंज लागला नाहीं तर तो मालकाच्या पश्चातही उभा राहतो. तेव्हां सांगाडा शाबूत आणि इंजिन थकलेलें अशी अवस्था येणें हा केवळ कालाचा प्रश्न असतो. ज्याच्या खिशांत पैसा आहे तो अशा वेळीं गाडी बदलतो. ज्याच्या खिशांत तो नाहीं तो इंजिन बदलतो.

या उद्योगास पहिली मोठी चालना १९३२ सालीं मिळाली. त्या वर्षीं फोर्डनें आठ सिलिंडरांचें, व्ही या अक्षराच्या आकाराचें इंजिन सामान्य माणसाच्या गाडींत आणलें. आठ सिलिंडरांचीं इंजिनें त्यापूर्वीही होतीं. परंतु तीं धनिकांच्या गाड्यांतच आढळत. फोर्डच्या कारखान्यानें सर्व सिलिंडरांचा ठोकळा एकाच ओतकामांत ओतण्याची विद्या साधली आणि किंमत खालीं आणली. या इंजिनाची शक्ति ६५ अश्वशक्ति होती. त्याच्या आधींच्या ‘ए’ नमुन्याच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाची शक्ति अवघी ४० होती. ‘ए’ नमुन्याच्या गाड्या व पिकप तर त्या वेळीं गांवोगांव लाखांनीं पसरलेल्या होत्या. अपघातांत चुरडलेल्या नव्या गाडीचें इंजिन भंगारांतून आणावें आणि आपल्या जुन्या गाडींत बसवावें, ही कल्पना कॅलिफोर्नियांतील तरुणांस सुचावयास वेळ लागला नाहीं. त्या प्रांताच्या दक्षिण भागांत कोरड्या पडलेल्या सरोवरांचीं विस्तीर्ण सपाट मैदानें आहेत. तेथें हे तरुण आपल्या गाड्या पळवीत व कोणाची गाडी किती वेगानें धांवते हें मोजीत.

परंतु येथेंच या विद्येचा पहिला धडाही त्यांस मिळाला. ‘ए’ नमुन्याच्या गाडीचे ब्रेक लोखंडी कांड्यांनीं ओढले जात. ४० अश्वशक्तीस ते पुरत. इंजिनाची शक्ति दीडपट झाली, वेग वाढला, आणि थांबण्याची शक्ति मात्र होती तेवढीच राहिली. फोर्डनें स्वतः तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक १९३९ च्या नमुन्यांत प्रथम आणले. तेव्हां शहाण्या मिस्त्र्यांनीं ते ब्रेकही उतरवून जुन्या गाड्यांस बसविण्यास प्रारंभ केला. दुसरी अडचण उष्णतेची होती. त्या इंजिनाच्या जळक्या वायूचे मार्ग ठोकळ्याच्या आंतूनच गेलेले असल्यामुळें तें फार तापे, आणि जुन्या गाडीचा रेडिएटर त्यास पुरा पडत नसे. म्हणजे इंजिन बदलणारानें ब्रेक बदलावे, ब्रेक बदलणारानें चाकांचे आंस पाहावे, आंस पाहणारानें पाटे तपासावे, असा हा एकांतून एक निघणारा व्याप होता. ज्यांनीं हा व्याप ओळखला त्यांच्या गाड्या टिकल्या. ज्यांनीं केवळ शक्तीचा हिशेब केला त्यांस तो हिशेब वळणावर चुकता करावा लागला.

दुसरी चालना १९५५ सालची. त्या वर्षीं शेव्हरोले कंपनीनें, एड कोल या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखालीं, २६५ घनइंचांचें आठ सिलिंडरांचें नवें इंजिन काढलें. पातळ पण भक्कम ओतकाम आणि सुटसुटीत रचना यांमुळें तें त्याच कंपनीच्या सहा सिलिंडरांच्या जुन्या इंजिनाहून वजनानें हलकें भरलें. शक्ति अधिक आणि भार कमी, हा योग दुर्मिळ असतो. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी कीं, कंपनीनें या इंजिनाची मूळ बांधणी आणि गिअरबॉक्साशीं जोडणाऱ्या बोल्टांची मांडणी पुढें अनेक दशकें कायम ठेवली. त्यामुळें एका सालच्या गाडीचें इंजिन दुसऱ्या सालच्या गिअरबॉक्सास जुळे. भंगाराच्या प्रत्येक आवारांत त्याचे भाग मिळत. आणि ज्यास एकदां तें बसवितां आलें त्यास तें कोठेंही बसवितां येई. शेव्हरोलेच्या पिकपमध्येंच नव्हे, तर प्रतिस्पर्धी फोर्डच्या जुन्या पिकपमध्येंही तें शिरलें. या कुळांतील इंजिनांची संख्या दहा कोटींवर गेल्याचें कंपनीनें २०११ सालीं जाहीर केलें. ‘सर्वांत चांगलें’ आणि ‘सर्वत्र मिळणारें’ यांत निवड करण्याची वेळ आली तर गरीब माणसाचा इतिहास दुसऱ्यास मत देतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

आतांपर्यंतची कथा पेट्रोलची झाली. पेट्रोल इंजिनाच्या जागीं डिझेल इंजिन बसविण्याची कथा अधिक बोधप्रद आहे, कारण तिच्यांत एका कारखान्याचें जीवितच पणास लागलें होतें. रूडॉल्फ डिझेल याचें पहिलें यशस्वी इंजिन १८९७ सालीं जर्मनींत चाललें. पेट्रोल इंजिनांत हवा व इंधन यांचें मिश्रण ठिणगीनें पेटतें. डिझेल इंजिनांत नुसती हवा इतकी दाबली जाते कीं, तिच्या उष्णतेनेंच आंत फवारलेलें तेल पेट घेतें. या दाबास टिकावें म्हणून इंजिनाच्या भिंती जाड व सर्व भाग वजनदार करावे लागतात. मात्र तें इंधन थोडें खातें आणि मंद गतींतही दांडगा जोर देतें. म्हणून पहिल्या तीस वर्षांत तें जहाजें, गिरण्या व पंप यांजकडे राहिलें. रस्त्यावरील मोटारीस एवढें धूड कोण बसविणार, असा तज्ज्ञांचा सवाल होता.

या सवालास कृतीनें उत्तर देणाऱ्यांपैकीं क्लेसी कमिन्स हा एक होय. इंडियाना संस्थानांतील कोलंबस या लहान गांवीं डब्ल्यू. जी. अर्विन नांवाच्या सावकाराकडे तो मोटार हांकण्याच्या नोकरीस होता. त्याचें शालेय शिक्षण आठवी इयत्तेपलीकडे गेलें नव्हतें. पण यंत्राचें त्यास उपजत ज्ञान होतें, आणि त्याच्या धन्याजवळ माणूस ओळखण्याची दृष्टि होती. अर्विनच्या पैशावर १९१९ सालीं कमिन्सनें डिझेल इंजिनांची कंपनी काढली. आरंभ फारसा शुभ झाला नाहीं. टपालानें माल विकणाऱ्या एका मोठ्या पेढीमार्फत शेतकऱ्यांस इंजिनें विकण्याचा करार झाला. परंतु नापसंत माल परत घेण्याची त्या पेढीची हमी असल्यामुळें कित्येक शेतकरी हंगामभर इंजिन वापरून नंतर तें परत पाठवूं लागले. पुढें कंपनी जहाजी इंजिनांवर कशीबशी तगली. तोंच १९२९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. नौका बांधणारांच्या मागण्या आटल्या. दहा वर्षें तोटा सोशीत आलेला अर्विन आतां हात आखडता घेणार, अशीं चिन्हें दिसूं लागलीं.

या वेळीं कमिन्सनें काय केलें? त्यानें नवी गाडी काढली नाहीं. तेवढा पैसा आणि अवसर त्याच्याजवळ नव्हताच. त्यानें एक जुनी पॅकार्ड मोटार घेतली, तिचें पेट्रोल इंजिन उतरविलें, आणि त्या जागीं आपल्या कारखान्यांतील जहाजी जातीचें डिझेल इंजिन मोठ्या खटपटीनें बसविलें. १९२९ च्या नाताळच्या दिवशीं त्यानें अर्विनला त्या गाडींतून फेरफटका करविला. सावकार गाडींतून उतरला तो कंपनीस आणखी पैसा देण्याचें ठरवूनच. लगेच पुढल्या महिन्यांत, म्हणजे जानेवारी १९३० मध्यें, कमिन्सनें तीच गाडी इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार-प्रदर्शनाकडे नेली. अंतर ७९२ मैल. तेलाचा खर्च १ डॉलर ३८ सेंट. १९३१ सालीं त्याच्या इंजिनाच्या गाडीनें इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत एकदांही न थांबतां पुरी केली. क्रमांक तेरावा आला, पण त्या शर्यतींत न थांबतां शेवट गांठणारी ती पहिलीच गाडी होती. पुढें तो मालाच्या मोठ्या ट्रकांकडे वळला. दूरच्या मजला मारणाऱ्या मालकांस तेलाचा हिशेब शर्यतीच्या क्रमांकाहून अधिक समजतो. त्यांच्यापैकीं कांहींनीं आपल्या चालत्या ट्रकांतील पेट्रोल इंजिनें काढून तेथें हीं इंजिनें बसविलीं. कंपनीस पहिला नफा मात्र १९३७ सालीं झाला; म्हणजे एका श्रद्धावान् सावकारानें तब्बल अठरा वर्षें वाट पाहिली. अमेरिकेंतील रस्त्यावरच्या डिझेलचा इतिहास लिहितांना या जुन्या पॅकार्डला मानाचें स्थान द्यावें लागतें, आणि ती गाडी म्हणजे इंजिन बदललेली गाडी होती, हें आमच्या विषयाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

इतिहास यशाचाच असावा असा आमचा आग्रह नाहीं. अपयशही तितकेंच बोलकें असतें. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेंत काटकसरीच्या गाड्यांची हांकाटी झाली. जनरल मोटर्सनें १९७८ च्या नमुन्यांत ऑल्ड्समोबिल शाखेचें ५.७ लिटरचें डिझेल इंजिन आणलें. तें मोटारींत बसविलें आणि शेव्हरोलेच्या पिकपमध्येंही बसविलें. त्याचा ठोकळा पेट्रोल इंजिनाहून मजबूत केलेला होता. परंतु जुनींच यंत्रसामग्री वापरतां यावी म्हणून सिलिंडरांचें डोकें आवळणाऱ्या बोल्टांची संख्या व मांडणी पेट्रोल इंजिनाप्रमाणेंच ठेविली गेली. डिझेलचा दाब त्या बोल्टांस सोसवेना. तेलांतील पाणी वेगळें करण्याची सोयही नव्हती, आणि पाणी मिसळलेलें तेल नाजूक पंपाचा नाश करी. डोक्याखालचीं गॅस्केटें फुटलीं, इंजिनें बिघडलीं, गाऱ्हाणीं न्यायालयापर्यंत गेलीं, आणि १९८५ सालीं तें इंजिन बंद झालें. तोंपर्यंत कित्येक मालकांनीं स्वतःच्या खर्चानें तें डिझेल काढून त्या जागीं साधें पेट्रोल इंजिन बसवून घेतलें होतें. इंजिन बदलण्याच्या विद्येचा हा उलटा उपयोग. काटकसरीसाठीं घेतलेल्या वस्तूपायीं ज्याला दोनदां खर्च करावा लागला त्या सामान्य कुटुंबाच्या मनांत डिझेल या शब्दाविषयींच अढी बसली, आणि ती निघावयास बरीच वर्षें लागलीं.

या अढीच्या काळांतच पुढचें प्रकरण घडलें. क्रायस्लर कंपनीची डॉज नांवाची पिकप १९७२ पासून मूळ घडणीनें तीच होती. १९८१ सालीं तिला ‘रॅम’ हें नांव मिळालें, पण नांवानें वय कमी होत नाहीं. फोर्ड व जनरल मोटर्स पुढें निघून गेले होते. नवी पिकप घडविण्यास लागणारा प्रचंड पैसा, नुकत्याच दिवाळखोरींतून सरकारी हमीच्या आधारानें वांचलेल्या क्रायस्लरजवळ सहजासहजीं निघण्यासारखा नव्हता. १९७८ सालीं तिनें एक जपानी डिझेल इंजिन बसवून पाहिलें होतें. तें फार दिवस टिकलें नाहीं. अखेर १९८९ च्या नमुन्यांत त्या जुन्या देहांत कमिन्सचें सहा सिलिंडरांचें ५.९ लिटरचें डिझेल इंजिन बसविण्यांत आलें. तें मुळांत पिकपसाठीं केलेलें नव्हतें. शेतीचीं अवजारें करणाऱ्या केस कंपनीच्या सहकार्यानें तें कामाच्या यंत्रांसाठीं घडविलें होतें. वजन जवळजवळ अर्धा टन, शक्ति अवघी १६० अश्वशक्ति. परंतु फिरविण्याचा जोर ४०० फूट-पौंड, आणि तोही अगदीं मंद गतींत. जड गाडा ओढणाऱ्या शेतकऱ्यास व ठेकेदारास हवें होतें तें हेंच. मरणपंथास लागलेल्या गाडीला या इंजिनानें पुन्हां गिऱ्हाईक मिळवून दिलें, आणि १९९४ च्या नमुन्यांत नवी रॅम येईपर्यंत ती जुनी घडण तग धरून राहिली. साठ वर्षांपूर्वीं कमिन्सनें जुन्या पॅकार्डवर केलेला प्रयोग आतां एका बलाढ्य कंपनीनें कारखान्याच्या पायरीवर केला, एवढाच फरक.

या ठिकाणीं कोणी असें म्हणेल कीं, मग यांत कठीण तें काय? एक इंजिन काढावें आणि दुसरें ठेवावें. आमच्यासारख्या पुस्तकी माणसास प्रथम तसेंच वाटतें. परंतु काम जाणणारास विचारलें तर तो सांध्यांची यादी सांगूं लागतो. नव्या इंजिनाचे पाय जुन्या तुळयांवरील जागांस जुळत नाहींत. तेथें नवीं माउंटिंगें सांधावीं लागतात. इंजिन एका घराण्याचें व गिअरबॉक्स दुसऱ्या घराण्याचा असल्यास दोहोंच्या मध्यें लेथवर कांतलेली जाड तबकडी घालावी लागते. आणि इंजिनाचा व गिअरबॉक्साचा दांडा एका रेषेंत आला नाहीं, केसाइतका जरी ढळला, तरी क्लच व बेअरिंगें थोड्याच दिवसांत खलास होतात. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर पुढच्या आंसास अडतो. पुढचें वजन वाढल्यामुळें पाटे दबतात आणि सुकाणू जड होतें. मंद गतीच्या इंजिनास जुनें गिअर-प्रमाण मानवत नाहीं. आणि या सर्वांहून मासलेवाईक गोष्ट ब्रेकची आहे. पेट्रोल इंजिन हवा शोषून घेतांना जी पोकळी निर्माण होते तिच्या साहाय्यानें चालकाच्या पायाचें बळ वाढवून ब्रेक लावण्याची योजना पुष्कळ गाड्यांत असते. डिझेल इंजिनांत हवेची वाट अडविलेली नसल्यामुळें ती पोकळी उत्पन्नच होत नाहीं. म्हणजे पूर्वीपेक्षां जड व जोरदार इंजिन बसवितांच ब्रेकचें साहाय्य नाहींसें होतें. त्यासाठीं निराळा पंप जोडावा लागतो. हें ज्यास ठाऊक नाहीं तो पहिल्याच उतारावर संकटांत सांपडतो.

तात्पर्य, इंजिन बदलणें म्हणजे गाडीचे सगळे अंतर्गत संबंध नव्यानें जुळविणें होय. मूळ कारखान्यांत हे संबंध शेंकडो माणसांनीं, मापून व तपासून, ठरविलेले असतात. येथें तेच काम एका मिस्त्र्यास एकट्यानें करावें लागतें. ऑल्ड्समोबिलच्या इंजिनांत बोल्टांचा संबंध चुकला, आणि मोठमोठ्या अभियंत्यांचें काम वांयां गेलें. उलट, पाव-बिस्किटें पोंचविणाऱ्या डबेवजा गाड्यांतून निवृत्त झालेलीं कमिन्सचीं चार सिलिंडरांचीं इंजिनें अमेरिकेंतील हौशी व कष्टाळू लोकांनीं आपल्या जुन्या पिकपमध्यें बसविलीं, आणि जेथें सांधे नीट जुळले तेथें तीं वर्षानुवर्षें चाललीं. यश कोणाचें हें विद्येच्या दर्जावरून ठरलें नाहीं. सांध्याकडे लक्ष कोणीं दिलें यावरून ठरलें.

या इतिहासाचा आमच्या प्रांताशींही खरा संबंध आहे. त्याच कमिन्स कंपनीनें किर्लोस्करांच्या भागीदारींत १९६२ सालीं पुण्यास किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन केली. पुढें १९९३ सालीं टाटांच्या भागीदारींत जमशेदपूर येथें टाटा कमिन्स निघाली, आणि डॉजच्या जुन्या देहांत शिरलेल्या त्याच घराण्याचीं इंजिनें आपल्या ओळखीच्या ट्रकांच्या नाकाडांतही येऊन बसलीं. मुंबईच्या महिंद्र कंपनीनें अमेरिकन जीप प्रथम पेट्रोल इंजिनानिशीं बांधली. १९७९ सालीं तिनें प्यूजो या फ्रेंच कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला, आणि अमेरिकन सांगाड्यावर फ्रेंच इंजिन अशी संकरित गाडी आमच्या खेड्यापाड्यांतून वऱ्हाडें व ऊंस-कांदा वाहूं लागली. पेट्रोलची जुनी जीप बाळगणारांनींही गांवच्या गॅरेजांत आपापल्या ऐपतीप्रमाणें डिझेल इंजिनें चढविलीं. तेव्हां हा उद्योग केवळ परदेशी हौसेचा आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

एका आक्षेपाचा मात्र प्रामाणिकपणें विचार केला पाहिजे. जुन्या गाड्या अशा रीतीनें चालू ठेवणें म्हणजे जुना धूर चालू ठेवणें नव्हे काय? कायद्यानें हा प्रश्न ओळखलेला आहे. बदललेलें इंजिन गाडीच्या सालचें किंवा त्यानंतरचें असावें, आणि धूर रोखण्याचीं त्याचीं मूळ साधनें त्याजबरोबर यावींत, असा अमेरिकेंतील नियमाचा आशय आहे. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणी-पुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत असे फेरफार करण्यास निर्बंध घातला आहे. हे निर्बंध कित्येकांस जाचक वाटतात. परंतु गाडी रस्त्यावर आली कीं ती एकट्या मालकाची राहत नाहीं. तिचा धूर शेजाऱ्याच्या फुप्फुसांत जातो, आणि तिचे ब्रेक कमी पडले तर समोरून येणाऱ्याचा प्राण जातो. मिस्त्र्याचें कौशल्य हें प्रशंसनीय खरें, तथापि तपासणीची कसोटी त्यासही लागू असावी. उलट, चांगला सांगाडा वितळवून नवा घडविण्यास लागणारें पोलाद व कोळसा यांचाही हिशेब तपासणारानें मांडावा, एवढी आमची नम्र सूचना आहे.

हा इतिहास अद्यापि संपलेला नाहीं. २०२१ सालीं फोर्ड कंपनीनेंच आपली १९७८ सालची एक पिकप घेऊन, तिचें इंजिन काढून, तेथें विजेच्या दोन मोटरी बसविल्या आणि ती प्रदर्शनांत मांडली. ज्या कंपनीच्या जुन्या गाड्यांत लोकांनीं आपल्या जबाबदारीवर इंजिनें बदललीं, तीच कंपनी आतां बदललेलें हृदय घेऊन लोकांपुढें उभी राहिली. विजेच्या या नव्या शक्तीबरोबर नवे सांधेही आले आहेत: शेंकडो शेर वजनाच्या बॅटऱ्या कोठें बसवाव्या, त्यांचा भार जुने पाटे कसा पेलतील, इंजिनाच्या पोकळीवर चालणारे ब्रेक आतां कशावर चालावे. प्रश्न नवे दिसतात. परंतु १९३२ च्या तरुणाला, १९२९ च्या कमिन्सला आणि आमच्या तालुक्याच्या गांवच्या मिस्त्र्याला ते पाहतांक्षणीं ओळखूं येतील.

नवी शक्ति हातीं आली कीं मनुष्य तिचें परिमाण विचारतो. किती अश्वशक्ति, किती वेग. जुन्या पिकपांचा हा सारा इतिहास त्यास आणखी एक प्रश्न विचारावयास शिकवितो. ही शक्ति ज्या सांगाड्यावर बसणार आहे त्याचे ब्रेक कसे आहेत? ज्या मिस्त्र्यानें हा प्रश्न आधीं विचारला त्याच्या गाडींत बसावयास आम्हांस भीति वाटणार नाहीं, मग तिच्या नाकाडाखालीं इंजिन कोणत्याही घराण्याचें असो.